ह शून्य की शून्येतर?

क्ष² चा विकलज काढताना ह ने भागल्यावर २क्ष + ह उरते. मग आपण ह सोडून देतो. वर्गातून प्रश्न येतो, ‘‘सर, भागताना ह शून्य नव्हता, मग आता कसा झाला?’’ या मुलाला गप्प बसवू नका. नेमका हाच आक्षेप जॉर्ज बर्क्ली या आयरिश धर्मगुरूने १७३४ साली न्यूटनच्या पद्धतीवर घेतला होता. उत्तरे बरोबर येत, म्हणून गणितज्ञ पुढे जात राहिले. (आपले विद्यार्थीही तेच करतात!) १८२१ मध्ये कोशीने सीमेच्या कल्पनेवर कलनाची उभारणी केली, तिला काटेकोर रूप वायरश्ट्रासने १८६० च्या सुमारास बर्लिनमधील व्याख्यानांत दिले. म्हणजे मध्ये सव्वाशे वर्षे गेली. आपण ते एका तासिकेत उरकतो. खरे तर ह कधीच शून्य होत नाही. तो पुरेसा लहान घेतला, की २क्ष + ह ही संख्या २क्ष च्या हवी तितकी जवळ येते, एवढेच.