आजीचं दातवण आणि नातीचा साचा

माझ्या आजीचे दात काळेभोर होते. किडलेले नव्हेत, मुद्दाम काळे केलेले. हिरडा, मायफळ आणि हिराकस कुटून केलेलं दातवण ती रोज लावी. हिरड्या-मायफळातला तुरट अंश आणि हिराकसातलं लोखंड एकत्र आलं की काळा रंग उमटतो. पूर्वी शाईसुद्धा अशीच करत. काळे दात हे तिच्या दृष्टीनं सवाष्णीचं लेणं होतं. एकदा घरी फोटोग्राफर आला. आजी मनमोकळी हसली, तर तो म्हणाला, ‘आजी, तोंड मिटा.’ तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे, ओठ घट्ट मिटलेला.

आजी एकटी नव्हती. जपानातही थोरामोठ्यांच्या बायका लोखंडाच्या द्रावणानं दात काळे करत. १८७० साली तिथल्या सरकारनं सरदार घराण्यांना त्याची मनाई केली आणि १८७३ साली खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. मग ती रीत हळूहळू मागे पडली.

पांढऱ्या दातांची हौस मात्र फार जुनी, आणि तिच्यापायी माणसांनी काय काय सोसलं! रोमन कवी कातुल्लुसनं एका सदा दात दाखवणाऱ्या गृहस्थाची टर उडवली आहे. कारण काय, तर त्याच्या स्पेनकडच्या मुलखात म्हणे लघवीनं दात घासत. पुढे युरोपात न्हावीच दातांचे वैद्य झाले. ते कानशीनं दात घासून त्यावर नायट्रिक आम्ल लावत. दात लगेच पांढरे दिसत. पण वरचं कवच, म्हणजे एनॅमल, एकदा गेलं की पुन्हा येत नाही. काही वर्षांत दात किडत.

यातली गोम अशी, की दाताचा पिवळेपणा बराचसा कवचाखालच्या डेंटिनचा असतो. वय वाढतं तसं कवच झिजतं आणि आतला पिवळा थर जास्त दिसू लागतो. म्हणजे कोळशानं, मिठानं खसाखसा घासणारा माणूस चहा-तंबाखूचे वरवरचे डाग काढतो खरा, पण अति झालं तर तोच पिवळेपणा उघडा पाडतो.

आतपर्यंत पोचणारं रसायन फ्रान्समध्ये तेनार यानं १८१८ सालीच शोधलं होतं: हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यातून सुटणारा ऑक्सिजन कवचातून झिरपतो आणि रंगाचे कण मोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दंतवैद्य ते वापरू लागले. पण ते काम दवाखान्यातल्या खुर्चीतलं.

ते घरी आलं, ते केवळ योगायोगानं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात फोर्ट स्मिथ इथे बिल क्लुस्मायर हे वाकडे दात सरळ करणारे दंतवैद्य होते. तारा काढल्यावर दात जागच्या जागी राहावेत म्हणून रात्री तोंडात एक साचा ठेवावा लागतो. एका रुग्णाच्या हिरड्या सुजल्या होत्या. औषधाच्या दुकानात मिळणारं, दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जंतुनाशक साच्यात घालायला त्यांनी सांगितलं. हिरड्या तर बऱ्या झाल्याच, शिवाय दातही उजळले! क्लुस्मायरनी हे व्यवसायबंधूंना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. वीसेक वर्षं ही विद्या अशी तोंडोतोंडीच (दुसरं कशी असणार?) चालली. १९८९ साली हेवूड आणि हायमन यांनी त्यावर निबंध छापला, तेव्हा कुठे ती सर्वदूर झाली.

मागोमाग दुकानात पट्ट्या आल्या आणि हक्काचा वाद सुरू झाला: हे औषध की प्रसाधन? युरोपीय संघानं २०११ साली ठरवलं, की ०.१ टक्क्यापर्यंतचं पेरॉक्साइड खुशाल विका. त्यावर सहा टक्क्यांपर्यंतचं मात्र दंतवैद्याच्या हातूनच, आणि अठरा वर्षांखालच्यांना नाहीच. मला हे पटतं. दात किडलेला वा हिरडी उघडी असेल तर तेच रसायन ठणका लावतं, आणि ते आरशात आपलं आपल्याला दिसत नाही.

गेल्या वर्षी नातीच्या लग्नाआधी तिनं असाच साचा करून घेतला. दोन आठवडे रात्री घातला. थंड पाण्यानं दात शिवशिवायचे, तेवढंच. तिचं पाहून मलाही हौस आली. दंतवैद्यबाईंनी तोंडात डोकावून विचारलं, ‘आजोबा, पुढच्या दातावर कॅप आहे ना? कॅपचा रंग बदलत नाही. बाकीचे उजळतील आणि हा एकटाच पिवळा राहील.’

लग्नाच्या फोटोत मी ओठ मिटूनच उभा आहे.