‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांच्या मागे काय दडतं?

घाटात ट्रक उलटला की बातमीचं पहिलं वाक्य ठरलेलंच असतं: ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ पंचनाम्यात तेच, पेपरात तेच, टपरीवरच्या गप्पांत तेच. विषय संपला. पण मंडळी, उतारावर ब्रेक सहसा एका क्षणात जात नाहीत. ते आधी काही किलोमीटर तापत असतात. ही गोष्ट जुनी आहे आणि आपल्या दारातलीच आहे.

शहागंजातून धुळ्याकडे निघालं की वेरूळ, कन्नड आणि पुढे तो घाट. आपण त्याला कन्नड घाट म्हणतो, कागदावर तो औट्रम घाट. 1825 मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं हे नाव. तेव्हा घाटाच्या वर निजामाचा मुलूख होता आणि खाली इंग्रजांचं खानदेश. भरलेली बैलगाडी चढवायला बैलांची ताकद लागायची, पण उतरवायला गाडीवानाची अक्कल लागायची. बैलांच्या अंगावर गाडी जाऊ नये म्हणून तिला मागून रोखून धरावं लागे. घाटाचा पहिला नियम तोच: उतरणाऱ्या ओझ्याला मोकळं सोडायचं नाही.

रेल्वेने हा नियम बोरघाटात पाळला. 1863 मध्ये खंडाळ्याचा लोहमार्ग सुरू झाला. चढ किती, तर 37 फुटांना 1 फूट. त्या मार्गावर ‘कॅच सायडिंग’ आहेत, म्हणजे चढावर नेणारे बाजूचे फाटे. गाडी ताब्याबाहेर गेली तर ती या फाट्यावर चढून थांबावी, हा हेतू. म्हणजे माणूस चुकेल, ब्रेक कमी पडतील, हे धरूनच रेल्वेने रचना केली. रस्त्याच्या बाबतीत आपण तेवढा विचार केला नाही.

1954 पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक बनू लागले आणि मालवाहतुकीचं रूप पालटलं. जुन्या गिअरबॉक्समध्ये खालचा गिअर टाकायचा तर दोनदा क्लच दाबून, मध्ये रेस देऊन वेग जुळवावा लागे. त्यामुळे उतारावर गाडी एकदा न्यूट्रल होऊन पळत सुटली की गिअर पुन्हा बसायचाच नाही, नुसता खरखर आवाज. हे क्लीनर म्हणून चार वर्षं उस्तादाशेजारी बसलेल्या पोराला पाठ असायचं. उस्तादाचा नियम एका ओळीचा: ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा.

यामागचं कारण साधं आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की चाकांना इंजिन फिरवावं लागतं आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर ही पकड आणखी वाढते. न्यूट्रल केलं की ही पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर ड्रमला घासतात, ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड कमी होते. पाय पूर्ण दाबला तरी गाडी थांबत नाही. त्यात वेग दुप्पट झाला तर थांबवायची ऊर्जा चौपट लागते. एअर ब्रेकच्या गाडीत घाबरून सारखं पेडल मारलं की टाकीतली हवा उतरते. इंजिन बंद केलं असेल तर कॉम्प्रेसर हवा भरत नाही आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. म्हणून ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नसतं. दाबून वेग कमी करायचा, पाय काढायचा, ड्रमला थंड व्हायला वेळ द्यायचा.

मग ड्रायव्हर न्यूट्रल करतातच का? डिझेल वाचतं म्हणून. वाचलेलं डिझेल अनेकांच्या पगाराला टेकू देतं, आणि हिशेब मालक मागतो. 20 नोव्हेंबर 2022 ला पुण्याच्या नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने कितीतरी गाड्या चिरडल्या. उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये होती, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. गुन्हा ड्रायव्हरवर. तो हवाच. पण तेवढ्यावर थांबायचं का?

दुसरीकडे वजन वाढलं. जुलै 2018 मध्ये केंद्राने तीन अक्षांच्या ट्रकची मर्यादा 25 टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर नेली. घाट मात्र तोच, वळणंही तीच. आपल्या घाटात शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला लक्ष घालावं लागलं आणि ऑगस्ट 2023 मध्ये जड वाहनांना बंदी झाली. ट्रक शिऊर बंगला, नांदगावकडून वळसा घालू लागले. बंदीने घाट मोकळा झाला, पण उतरायचं कसं हे कुणाला शिकवलं गेलं नाही. तोच ट्रक, तोच ड्रायव्हर उद्या दुसऱ्या घाटात असतो. उस्तादाशेजारी शिकणारा क्लीनरही आता बऱ्याच गाड्यांवर दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक मोठ्या घाटाच्या माथ्यावर ट्रक सक्तीने थांबावा, ब्रेक आणि हवा तपासली जावी, कोणत्या गिअरमध्ये उतरायचं याचा ठळक फलक असावा. सुटलेल्या गाडीसाठी बाजूला वाळू-खडीचा चढता रस्ता असावा. आणि अपघातानंतर मालकालाही विचारलं जावं: वजन किती भरलं होतं? लायनर कधी बदलले होते? डिझेलचा हिशेब कसा लावता?

पुढच्या वेळी ‘ब्रेक फेल’ वाचलंत तर आधी विचारा, गाडी कोणत्या गिअरमध्ये होती? घरात, गल्लीत कुणी ट्रक चालवत असेल तर त्याला हे नक्की वाचून दाखवा.