सात भागीदार आणि टसरचा धागा

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांच्या गर्दीतून वाट काढत एखाद्या गृहसजावटकाराच्या कार्यालयात गेलात, तर पडद्यांच्या आणि सोफ्याच्या कापडांचे जाडजूड कॅटलॉग समोर येतात. त्यांत दोन गोष्टी बहुधा सापडतात : पानाफुलांत दडलेल्या पक्ष्यांची इंग्रजी वळणाची नक्षी आणि मधाच्या रंगाचे टसर. नक्षी लंडनची, टसर आपल्या भंडारा-गडचिरोलीच्या जंगलांतही पिकणारे. या दोहोंची गाठ एकोणिसाव्या शतकात पडली. आजचा धागा त्या गाठीविषयी आहे, आणि तिच्यातून उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाविषयी : उंची कापडाच्या धंद्यात भागीदार म्हणायचे कोणाला?

एप्रिल १८६१. लंडनच्या रेड लायन स्क्वेअरमध्ये ‘मॉरिस, मार्शल, फॉकनर आणि कंपनी’ स्थापन झाली. भागीदार सात : विल्यम मॉरिस, रोझेटी, बर्न-जोन्स व फोर्ड मॅडॉक्स ब्राउन हे तीन चित्रकार, वास्तुविशारद फिलिप वेब, गणिताचा अध्यापक फॉकनर आणि अभियंता मार्शल. प्रत्येकाने एक पौंड घातला. शंभर पौंड मॉरिसच्या आईने बिनतारण उसने दिले. मॉरिसच्या ‘रेड हाउस’ या नव्या घरासाठी मनाजोगते सामान बाजारात मिळेना, म्हणून मित्रांनीच ते घडवले, आणि त्या उद्योगातून ही पेढी जन्मली. पाच-सहा वर्षांत सेंट जेम्स राजवाड्यातील दालने आणि साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे भोजनगृह सजवण्यापर्यंत तिची मजल गेली.

मैत्रीतून उभ्या राहिलेल्या धंद्याचे पुढे जे होते, तेच झाले. बहुतेक भांडवल आणि श्रम मॉरिसचे, पण कागदावर सातही जण समान. तांब्याच्या खाणीतील समभागांतून येणारे मॉरिसचे वडिलोपार्जित उत्पन्न आटू लागले, तेव्हा त्याला पेढी स्वतःच्या हाती हवी झाली. १८७५ च्या मार्चमध्ये भागीदारी मोडली. बर्न-जोन्स, वेब आणि फॉकनर यांनी आपला हक्क सोडला; रोझेटी, ब्राउन आणि मार्शल यांनी प्रत्येकी एक हजार पौंड मोजून घेतले. चरित्रकारांची सहानुभूती बहुधा मॉरिसकडे झुकते. मला मात्र ब्राउनची बाजू अगदीच पोकळ वाटत नाही. नाव लहान होते तेव्हा ज्यांनी आपले नाव त्याला जोडले, त्यांनी नाव मोठे झाल्यावर त्याचे मोल मागितले, तर त्यात गैर काय?

आता एकट्या मॉरिसपुढे खरी अडचण होती ती रंगाची. त्याची ‘ट्युलिप अँड विलो’ ही नक्षी १८७३ ची. ती छापून आली तेव्हा निळा रंग निळीचा नव्हता, प्रशियन ब्ल्यू होता, आणि तो त्याच्या मनास आला नाही. १८५६ पासून बाजारात आलेले डांबरजन्य रासायनिक रंग तर त्याला डोळ्यांपुढे नकोच असत. वनस्पतिजन्य रंगांची विद्या शिकण्यासाठी तो १८७५ मध्ये लीक या गावी थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे गेला. तेथे निळीच्या पिंपात त्याचे हात निळे होऊन गेले. (ही नीळ म्हणजे हिंदुस्थानचीच विद्या आणि बराच काळ हिंदुस्थानचाच माल, तिच्या सक्तीच्या लागवडीविरुद्ध बंगालच्या रयतेने बंड केले, ते १८५९-६० साली.)

वॉर्डलच्या डोक्यात त्या वेळी आणखी एक वेड होते : हिंदुस्थानातील रानरेशीम. टसरचा धागा मूळचाच तपकिरी. त्यावर रंग नीट चढत नसे, त्यामुळे युरोपच्या दिवाणखान्यांना तो निरुपयोगी वाटे. वॉर्डलने तो विरंजित करून रंगवण्याची व छापण्याची रीत बसवली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची टसरची कापडे मांडली गेली आणि फ्रान्सने त्याला सन्मान दिला. लंडनच्या लिबर्टी दुकानात हे कापड विकले जाऊ लागले. वॉर्डलची पत्नी एलिझाबेथ हिने लीकमध्ये भरतकामाची संस्था काढली. तेथील स्त्रिया छापील टसरवर रेशमाने भरत. त्यांच्या नक्षींपैकी एक तर अजिंठ्याच्या चित्रांवरून उतरवलेली होती. म्हणजे रेशीम हिंदुस्थानच्या रानातले, नक्षी आपल्या लेण्यांतली आणि नाव लीकचे.

आता टसरच्या मुळाकडे येऊ. विदर्भात त्याला कोसा म्हणतात. या अळ्या घरात वाढत नाहीत. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढतात, आणि कोष होईपर्यंत पक्षी-मुंग्यांपासून त्यांची राखण करावी लागते. पूर्व विदर्भात ही राखण प्रामुख्याने ढीवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केली. ज्या १८७८ साली पॅरिसमध्ये टसरचे कौतुक झाले, त्याच साली ब्रिटिश सरकारने वन कायदा करून राखीव जंगलांवरील आपली पकड घट्ट केली. पुढे १९२७ च्या वन कायद्याच्या वनोपजांच्या व्याख्येत रेशीम आणि कोष हे शब्द नावानिशी आले. झाड सरकारचे ठरले आणि झाडावरचा कोषही सरकारच्या हिशेबात गेला. राखणाऱ्याचे नाव भागीदारीच्या कोणत्याही कागदावर आले नाही.

मॉरिसला हे दिसत नव्हते असे नाही. १८७९ च्या एका व्याख्यानात त्याने इंग्रजी सत्तेने आणि व्यापाराने हिंदुस्थानी कारागिरीचा घात चालवल्याबद्दल उघड खंत व्यक्त केली. १८८३ मध्ये तो समाजवादी चळवळीत शिरला. त्याच वर्षी मर्टन येथील त्याच्या कारखान्यात ‘स्ट्रॉबेरी थीफ’ तयार झाले. त्यासाठी सारे कापड आधी निळीत बुडवायचे, मग ठशांनी निळा रंग उडवून नक्षी पांढरी करायची, मग तांबडा, पिवळा चढवायचा. दिवसेंदिवस चालणारे काम, म्हणून किंमतही तशीच. मर्टनमध्ये नफ्यातील वाटा मोजक्या वरिष्ठांपुरता होता. ठसे उमटवणाऱ्यांना मजुरीच. ही विसंगती त्याला स्वतःलाही बोचत होती, पण ती सुटली नाही. १८९० मध्ये त्याने नवे भागीदार घेतले, ते कारभार पाहणारे स्मिथ बंधू.

याच काळात नागपूर दुसऱ्याच वाटेने चालले होते. धंतोलीपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. भांडवल पंधरा लाख रुपये. येथे चित्रकार नव्हते, दिवाणखानेही नव्हते. सामान्य गिऱ्हाइकासाठी सूत आणि कापड होते. तरी या गिरणीने १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभारला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देऊ केली. कारागिराच्या सन्मानावर अवघी हयात बोलणाऱ्या मॉरिसच्या मर्टनशेजारी हे ठेवून पाहिले, की तुलना थोडी अवघड जागी जाते.

मॉरिसची पेढी १९४० मध्ये बंद झाली. तिच्या नक्षी अजून छापल्या जातात. एम्प्रेस मिल २००२ मध्ये थांबली आणि तिच्या जागेवर मॉल उभा आहे. भंडारा जिल्ह्यातील आंधळगावात मात्र टसरच्या करवतकाठी साड्या हातमागावर विणल्या जातात. काठावरचे करवतीचे दाते उठावेत म्हणून विणकर एका वेळी तीन धोटे चालवतो.