मुशाफिराचें दळण

सूर्य मावळला कीं सराईचा दरवाजा बंद होई. पहाटे तो उघडण्यापूर्वीं पहारेकरी मोठ्यानें तीन वेळां हाक देऊन प्रत्येकास आपापलें सामान तपासावयास सांगे, आणि कोणाचें कांहीं गेलें असल्यास तें सांपडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. मोगल अमदानींतील सरायांचें हें वर्णन निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशानें लिहून ठेवलें आहे. बिछाना ज्याचा त्यानें आणावा, शिधा विकत घ्यावा, चूल आपली आपण पेटवावी. सराईकडून मिळावयाचें तें भिंतींचा आडोसा आणि रात्रीची निर्धास्त झोंप. तेवढेंहि त्या काळीं थोडें नव्हतें.

मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेल्या खडकीस औरंगजेबाच्या सुभेदारींत, १६५३ च्या सुमारास, औरंगाबाद हें नांव पडलें. तेंच आजचें छत्रपती संभाजीनगर. बऱ्हाणपुराकडून येणारी वाट फर्दापुरावरून अजिंठ्याचा घाट चढून या शहरीं पोंचे. फर्दापुरास सराई होती. लष्करी शिपाई, व्यापारी, त्यांचे उंट-बैल, सर्वांची सोय अशा ठिकाणीं होई. परंतु ज्याच्या गांठीं शिध्यापुरते पैसेच नाहींत, त्यानें कोठें उतरावें? छप्पर फुकट मिळालें तरी पोट फुकट भरत नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर औरंगाबादेंत खाम नदीच्या कांठीं दिलेलें आढळतें. बुखाऱ्याकडील गिजदुवानचे बाबा शाह मुसाफिर हे नक्षबंदी पंथाचे सत्पुरुष. त्यांचे गुरु बाबा शाह पलंगपोश. औरंगजेबाच्या काळांत या दोघांचा तकिया येथें होता, आणि ज्याचें नांवच मुसाफिर, त्याच्या दारीं मुशाफिरांची गर्दी व्हावी हें ओघानेंच आलें. यात्रेकरू, शिष्य, फकीर, निराधार मुलें, सर्वांना भाकरी हवी. आतां भाकरी म्हटली कीं पीठ आलें, आणि पीठ म्हटलें कीं जातें. धान्य दान करणारा दाता एक वेळ मिळेल. परंतु पहाटेच्या काळोखांत तें दळणारे हात कोणाचे? घरीं चार पाहुणे वाढले कीं कोणाची झोंप मोडते, हें प्रत्येक घरांतील स्त्रीस ठाऊक असे. आतिथ्याचीं वर्णनें लिहिणाऱ्यांस मात्र तें क्वचितच सुचलें.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथें पाणचक्की उभी राहिली. तिच्या बांधणीशीं तुर्कताझ खान या सरदाराचें नांव जोडलें जातें. उत्तरेकडील डोंगरांतील झऱ्याचें पाणी कांहीं मैलांवरून मातीच्या नळांतून जमिनीखालीं आणलें. शेवटीं तें उंच भिंतीवर चढवून तेथून खालीं सोडलें. उंचीवरून पडणारें तें पाणी चक्राच्या पात्यांवर आदळे, चक्राचा आंस फिरे आणि त्याबरोबर जात्याची वरची तळी. बैल नको, माणूस नको. धान्य तेवढें ओतीत जावें. काम करून मोकळें झालेलें पाणी वायां जात नसे. तें समोरच्या हौदांत सांठे, आणि त्या हौदाचा तळ हेंच खालच्या दालनाचें छत! ऐन वैशाखांत माथ्यावर पाणी घेऊन विसावण्याचें सुख तेथें मिळे. एकाच ओहोळानें दळण, हौद आणि गारवा, अशा तिन्ही सोयी झाल्या. मोठमोठ्या इमारती बांधणाऱ्या बादशहांच्या नगरींत अशी काटकसरीची अक्कल एका फकिराच्या तकियांत दिसावी, ही गंमत आहे.

इतरांच्या मुक्कामासाठीं स्वतःची पदरमोड करण्याची चाल या प्रदेशांत त्याहूनहि फार जुनी. अजिंठ्याचें बारावें लेणें इसवी सनापूर्वींचें. त्यांतील खोल्यांत भिक्षूंसाठीं दगडांतच कोरलेले शय्येचे ओटे आहेत, आणि तेथील लेखांत दाता म्हणून एका व्यापाऱ्याचें नांव आहे. वर्षावासांत भिक्षूंनीं भ्रमण थांबवावें, एवढ्या काळापुरतें तरी त्यांना घर असावें, ही ती सोय.

पुढें साहेबलोक वेरूळ पाहावयास येऊं लागले, तेव्हां त्यांची व्यवस्था निराळ्याच जागीं झाली. खुलताबादेस दर्गे आणि कबरींची दाटी. औरंगजेब तेथेंच १७०७ मध्यें उघड्या आकाशाखालीं चिरनिद्रा घेता झाला. त्याच गांवांतील कांहीं घुमटदार कबरींचे एकोणिसाव्या शतकांत मुक्कामाचे बंगले करण्यांत आले. भिंती जाड, घुमट उंच, हवा थंड. आणि मूळच्या रहिवाशाची कसलीच तक्रार नाहीं!

अजिंठ्याकडे मात्र तंबूच बरे ठरले. १९०९ ते १९११ या काळांतील हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम या चित्रकर्तीनें लेण्यांतील चित्रांच्या नकला करविल्या. नंदलाल बोस व असितकुमार हलदार हे बंगाली तरुण तिच्या मदतीस होते. या मंडळींचा तळ फर्दापुरास पडला होता. सकाळीं लेण्यांत जावें, दिवसभर अंधाऱ्या भिंतींसमोर कुंचला चालवावा आणि सांजेस परत कनातींत यावें, असा त्यांचा क्रम होता.