तुसाचा दिवा, उन्हाचा दिवा

बिहारमधील पश्चिम चंपारणातल्या तमकुहा गावी २००७ साली भाताच्या तुसापासून वायू काढून वीज निर्माण झाली. रॉकेलच्या चिमणीची काजळी सरली. परंतु तूस रोज हवे. आणि टाकाऊ वस्तूला गिऱ्हाईक मिळाले की तिलाही मोल येते! उन्हाचे तसे नाही. सौर तावदानांचा खर्च आरंभीच. पुढे ऊन फुकट. रात्रीकरिता बॅटरी मात्र हवी. पुढे तुसाचे ते वीजकर्तेही उन्हाला जोडीस घेते झाले.

जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावी २०१४ साली सौर वीज आली, तेव्हा गावकऱ्यांनी मागितली ‘असली बिजली’, म्हणजे तारेवरची, स्वस्त आणि भरपूर!

वाचकहो, त्यांना कृतघ्न म्हणू नका. दोन दिव्यांनी अंधार हटतो. गरिबाला पंखाही हवा असतो.