वस्तादाचा राखीव डाव

आपलं अकलूज कुस्तीवेडं. २०११ची महाराष्ट्र केसरी इथंच झाली. पण आज पैलवानांबद्दल नाही, त्यांना घडवणाऱ्या वस्तादांबद्दल बोलू.

वस्ताद म्हणजे जिम ट्रेनरचा जुना अवतार. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. तेव्हा तालमी चालायच्या त्या दरबाराच्या आणि गावाच्या आधारावर. १९४९मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं, दरबाराचा आधार गेला.

आजच्या ट्रेनरमागे तर गावही नाही. माझा एक मित्र हेच काम करतो. पहाटे पाचला शटर वर, रात्री दहाला खाली. पगार बेताचा, खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगच्या कमिशनवर. जानेवारीत गर्दी, मार्चमध्ये जिम रिकामी. खांदा दुखावला की कमाई बंद.

जुनी माणसं सांगतात, वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक स्वतःसाठी राखून ठेवतो. मित्राला विचारलं, "तुझा राखीव डाव कोणता?"

तो हसला. "भावा, शरीर हेच भांडवल. ते रोज खर्च होतंय, राखून काय ठेवणार?"

उद्या जिममध्ये त्यांना 'सर' म्हणाल, तेव्हा हे आठवा. भेटू पुढच्या भागात!