पहिल्यांदाच आलिशान क्रूझवर जाताय? तिकिटात काय मिळते आणि कशाचे वेगळे पैसे पडतात?

क्रूझच्या जाहिरातीत 'सर्व समाविष्ट' हे शब्द हमखास असतात. राहणे, जेवण, करमणूक, पोहण्याचा तलाव, सगळे एकाच तिकिटात. मात्र सहलीच्या शेवटच्या दिवशी हाती पडणारे बिल पाहून पहिल्यांदा गेलेले अनेक प्रवासी चक्रावतात. यात फसवणूक असतेच असे नाही. जहाजावर एखादी सोय 'उपलब्ध' असणे आणि ती तिकिटात 'समाविष्ट' असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यांना आधी कोणी सांगितलेले नसते.

म्हणून जहाजावरील प्रत्येक सोयीबद्दल तीन प्रश्न विचारावेत. ती तिकिटात आहे का? आधी नोंदवावी लागते का? ती कधी बंद असते? या लेखात मुख्य सोयी याच तीन प्रश्नांच्या आधारे समजून घेऊ.

'आलिशान' म्हणजे नेमके काय?

हॉटेलांना तारे असतात, तशी जहाजांसाठी जगभर मान्य असलेली अधिकृत तारांकन पद्धत नाही. त्यामुळे 'लक्झरी' हा शब्द कोणतीही कंपनी वापरू शकते. प्रत्यक्षात जहाजांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, हजारो प्रवासी नेणारी मोठी, कुटुंबांसाठीची जहाजे. दुसरा, थोडी शांत आणि महाग अशी 'प्रीमियम' जहाजे. तिसरा, काहीशे प्रवाशांचीच खरी आलिशान जहाजे.

फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. जहाजाचे ग्रॉस टनेज भागिले प्रवासी संख्या करा. ग्रॉस टनेज हे वजन नसून जहाजातील बंदिस्त जागेचे माप आहे, म्हणून या भागाकारातून प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याला किती जागा येते याचा अंदाज मिळतो. २०२४ मध्ये सेवेत आलेले 'आयकॉन ऑफ द सीज' हे महाकाय जहाज सुमारे २,४८,६६३ ग्रॉस टनांचे आहे आणि एका केबिनमध्ये दोघे धरल्यास त्यात ५,६१० प्रवासी मावतात. भागाकार येतो सुमारे ४४. 'सिल्व्हर नोव्हा' हे आलिशान जहाज आकाराने त्याच्या पावपट, सुमारे ५४,७०० ग्रॉस टनांचे, पण प्रवासी फक्त ७२८. भागाकार सुमारे ७५. मोठे जहाज म्हणजे जास्त ऐसपैस जहाज, असे नसते.

काही मोठ्या जहाजांवर 'जहाजातले जहाज' अशीही व्यवस्था असते. एमएससी कंपनीचा 'यॉट क्लब' किंवा नॉर्वेजियन कंपनीचा 'द हेवन' हे असे राखीव विभाग आहेत. तिथल्या प्रवाशांना वेगळे उपाहारगृह, वेगळा सनडेक आणि बटलर मिळतो. बाकीच्या प्रवाशांना तिथे प्रवेश नसतो. जाहिरातीतला फोटो नेमका कोणत्या विभागाचा आहे, हे म्हणूनच विचारून घ्यावे.

पैसे कसे चालतात?

जहाजावर सहसा रोख रक्कम चालत नाही. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळते. तीच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच खर्चाचे खाते. कॉफी, फोटो, स्पा, सगळे या कार्डावर मांडले जाते आणि शेवटी तुमच्या क्रेडिट कार्डातून वसूल होते. पैसे खिशातून जाताना दिसत नाहीत, म्हणून खर्च सहज वाढतो. रोजचा हिशेब केबिनमधील टीव्हीवर, कंपनीच्या अॅपवर किंवा स्वागतकक्षात पाहता येतो. चूक आढळली तर त्याच दिवशी सांगावी. उतरल्यावर दुरुस्ती करून घेणे कठीण जाते.

परदेशी क्रूझवर हिशेब बहुधा डॉलर किंवा युरोमध्ये असतो आणि भारतीय कार्डावर परकीय चलनाचे शुल्क लागते. डेबिट कार्ड शक्यतो देऊ नये. अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवली जाते आणि ती मोकळी व्हायला वेळ लागू शकतो.

मुलांच्या कार्डावर खर्च करण्याची मुभा पहिल्याच दिवशी बंद करून घेता येते. व्हिडिओ गेमच्या दालनात या एका खबरदारीमुळे बरेच पैसे वाचतात.

केबिन

केबिन चार प्रकारच्या असतात: खिडकी नसलेली आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि सुइट. पलंग, न्हाणीघर, टीव्ही, तिजोरी आणि रोजची साफसफाई सर्वांना मिळते. चहाची किटली मात्र सगळीकडे असेलच असे नाही. घरून इस्त्री किंवा किटली नेऊ नका. आगीच्या धोक्यामुळे त्या चालत नाहीत आणि सामान तपासताना काढून घेतल्या जातात. कपडे धुण्याची सोय बहुतेक जहाजांवर पैसे देऊन असते.

केबिन सहसा दुपारी ताब्यात मिळते आणि मोठी बॅग संध्याकाळपर्यंतही येऊ शकते. औषधे, पासपोर्ट, चार्जर आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीतच ठेवावेत.

जेवण

मुख्य भोजनगृह आणि बुफे तिकिटात असतात. 'स्पेशालिटी' उपाहारगृहांसाठी बहुतेक मोठ्या जहाजांवर वेगळे पैसे आणि आधी नोंदणी लागते. आलिशान जहाजांवर ती बऱ्याचदा तिकिटातच असतात, पण जागा मोजक्या असल्याने तिथेही नोंदणी करावी लागते.

शाकाहारी, जैन किंवा ॲलर्जीनुसार जेवण हवे असेल तर तिकीट काढतानाच लेखी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाशी पुन्हा बोला. 'शाकाहारी' म्हणून समोर आलेल्या पदार्थात अंडे किंवा सुपात माशाचा अर्क असू शकतो. काय चालत नाही हे पदार्थाचे नाव घेऊन सांगितलेले बरे.

काही जहाजांवर एखाद-दोन रात्री औपचारिक पोशाखाच्या असतात. त्यासाठी सूट शिवून घेण्याची गरज नाही. आपला पारंपरिक पोशाख औपचारिक मानला जातो, त्यामुळे साडी किंवा बंदगळा निःसंकोच नेसा-घाला.

पेये आणि टिप

मोठ्या जहाजांवर पाणी, साधा चहा-कॉफी आणि काही सरबते तिकिटात असतात. शीतपेये, खास कॉफी आणि मद्य यांचे पैसे पडतात, शिवाय त्यावर साधारण १८ ते २० टक्के सेवाशुल्क लागते. पेयांचे पॅकेज घेण्यापूर्वी दिवसाला खरोखर किती पेये घेतली जातील याचा हिशेब करा. अनेक कंपन्यांचा नियम असा की एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले, तर दुसऱ्यानेही घ्यायला हवे. पती-पत्नींपैकी एकच जण मद्य घेत असेल तर हे पॅकेज बहुधा तोट्याचे ठरते.

टिप हा सर्वांत दुर्लक्षित खर्च. मोठ्या जहाजांवर ती माणशी, दररोज, आपोआप खात्यात चढते. उदाहरणार्थ, दर १८ डॉलर धरला तर दोघांचे सात रात्रींचे २५२ डॉलर होतात. चौघांच्या कुटुंबाला याच्या दुप्पट. काही कंपन्या ही रक्कम आधी भरू देतात. तसे केल्यास शेवटचे बिल अंगावर येत नाही. सीबॉर्न, सिल्व्हरसी आणि रीजंट यांसारख्या आलिशान कंपन्यांच्या भाड्यात टिप आणि बहुतेक पेये धरलेली असतात. स्वस्त वाटणाऱ्या आणि महाग वाटणाऱ्या तिकिटांची तुलना म्हणून फक्त भाड्यावर करू नये.

तलाव, स्पा आणि करमणूक

तलाव, जिम, ग्रंथालय, मुलांचे दालन आणि नाट्यगृहातले कार्यक्रम बहुधा तिकिटात असतात. मोठ्या जहाजांवर लोकप्रिय कार्यक्रमांची जागा अॅपवर आधी नोंदवावी लागते. योगासारखे मार्गदर्शित वर्ग, मसाज आणि बऱ्याच जहाजांवर वाफेची व गरम दगडी आसनांची खोलीही पैसे देऊन वापरायची असते. आलिशान जहाजांवरही मसाजचे पैसे वेगळेच असतात.

सर्व जहाजांच्या तलावांवर जीवरक्षक नसतात. तुमच्या जहाजावर असले तरी लहान मुलांना एकटे सोडू नका. डायपर घालणाऱ्या बाळांना मुख्य तलावात सहसा उतरू देत नाहीत.

कॅसिनो आणि करमुक्त दुकाने जहाज बंदरात असताना बहुतेक ठिकाणी बंद असतात, कारण तिथे त्या देशाचे कायदे आणि कर लागू होतात. याउलट, सगळे फिरायला उतरलेले असतात तेव्हा तलाव आणि जिम निवांत मिळतात.

इंटरनेट आणि फोन

भर समुद्रात इंटरनेट उपग्रहामार्फत येते. २०२२ नंतर अनेक जहाजांवर स्टारलिंक आल्याने वेग सुधारला आहे, पण मोठ्या जहाजांवर त्याचे पॅकेज वेगळे घ्यावे लागते.

खरा धोका रोमिंगचा. किनारा मागे पडला की फोन जहाजावरच्या मोबाइल नेटवर्कशी आपोआप जोडला जाऊ शकतो. हे नेटवर्क नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये बहुतेकदा येत नाही आणि त्याचे दर जबर असतात. जहाज सुटण्यापूर्वी फोन 'एअरप्लेन मोड'वर टाका आणि मग फक्त वाय-फाय सुरू करा.

डॉक्टर आणि विमा

मोठ्या प्रवासी जहाजांवर डॉक्टर, परिचारिका आणि छोटा दवाखाना असतो. तिथे तातडीचे उपचार होतात, शस्त्रक्रियांचे पूर्ण रुग्णालय नसते. तपासणीचे पैसे पडतात आणि तेही कमी नसतात. प्रकृती गंभीर झाली तर रुग्णाला पुढच्या बंदरात उतरवले जाते किंवा हेलिकॉप्टरने हलवले जाते. हा खर्च संपूर्ण सहलीच्या कित्येक पट होऊ शकतो.

भारतातला नेहमीचा आरोग्य विमा परदेशातील उपचारांना सहसा लागू नसतो. म्हणून प्रवास विमा घ्या आणि त्यात 'क्रूझ' व 'वैद्यकीय स्थलांतर' या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचा. मधुमेह, रक्तदाब यांसारखे जुने आजार लपवू नका. दावा नाकारण्याचे ते मोठे कारण ठरते. नेहमीची औषधे चार-पाच दिवस जास्तीची न्या. २४ आठवड्यांचा टप्पा गाठलेल्या गर्भवतींना बहुतेक कंपन्या प्रवेश देत नाहीत.

कोकणबोटीने प्रवास केलेल्या पिढीला 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग चांगला ठाऊक आहे. आजच्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असल्याने हेलकावे कमी जाणवतात, पूर्ण थांबत नाहीत. त्रास होणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते. कोणती घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

पोटाचे विकार पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसे चालत नाही. बुफेला जाण्यापूर्वी साबणाने हात धुवा.

न टाळण्याची एकच गोष्ट: सुरक्षा कवायत

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकाला धडकून कलंडले. ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा कवायत तोवर झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमानुसार ती २४ तासांत घेतली तरी चालत असे. या दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

आपत्कालीन इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि त्यानंतर एक लांब भोंगा. तो ऐकताच कुठे जमायचे हे तुमच्या कार्डावर किंवा केबिनच्या दारामागे लिहिलेले असते. हल्ली व्हिडिओ फोनवर पाहता येतो, तरी त्या जागेवर एकदा पायाने चालत जा आणि लिफ्टऐवजी जिन्याने जा. खऱ्या प्रसंगी लिफ्ट वापरायची नसते.

मुंबईहून सुरुवात करायची असेल तर

मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझमध्ये कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे नाव मराठी प्रवाशांच्या परिचयाचे आहे. १९९० मध्ये सेवेत आलेले हे सुमारे ४८,५०० ग्रॉस टनांचे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून भारतीय प्रवाशांना नेऊ लागले. हा वर उल्लेख केलेल्या तिसऱ्या प्रकारातला प्रवास नव्हे. पण बोट लागते का, केबिन पुरते का, कार्डावर खर्च किती होतो, हे दोन-तीन रात्रींत कळते. लाखो रुपयांचे परदेशी तिकीट काढण्याआधी ही तालीम उपयोगी पडते.

तिकीट काढण्यापूर्वी विचारा

* भाड्यात टिप, बंदर शुल्क आणि कर धरले आहेत का?
* कोणती पेये आणि किती उपाहारगृहे तिकिटात आहेत?
* इंटरनेट आणि बंदरांवरच्या सहली समाविष्ट आहेत का?
* आमच्या केबिनच्या वर्गाला जहाजाचा कोणता भाग वापरता येणार नाही?
* खाते कोणत्या चलनात असेल आणि अनामत किती अडकवली जाईल?
* शाकाहारी किंवा जैन जेवणाची लेखी नोंद झाली आहे का?

ही उत्तरे तोंडी नकोत, ईमेलवर घ्या. मग दोन कंपन्यांचे भाडे शेजारी मांडा आणि त्यात ही बेरीज धरा. कधी कधी 'महाग' जहाजच स्वस्त पडते.